झटका मशीनचा हिशेब

भाद्रपदातल्या रात्री जाफराबादहून टेंभुर्णीकडे जाताना गाडी बंद करून रस्त्याच्या कडेला उभे राहिले, की मक्याच्या वावरातून एक बारीक आवाज ऐकू येतो. टक. मग सेकंदभर काही नाही. पुन्हा टक. हा आवाज झटका मशीनचा. रानडुकरांनी आणि रोह्यांनी कणसे लोळवू नयेत म्हणून बांधाभोवती तार ओढलेली असते आणि मशीन त्या तारेत मिनिटाला पन्नासएक ठोके सोडत असते. खांबावर दोन वह्या शेजारी ठेवल्या तर होईल एवढे सोलर पॅनेल, खाली पत्र्याच्या डब्यात बॅटरी, शेजारी मशीन आणि जमिनीत ठोकलेली अर्थिंगची सळई. पसारा एवढाच. पूर्वी या दिवसांत माळ्यावर जागलीला जावे लागे, गोफण आणि कंदील घेऊन. आता जागल हे सर्किट करते.

वीज तयार करणारे आणि साठवणारे साधे सर्किट समजून घ्यायचे, तर याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीत घट, दिवा आणि कळ असते. तिथे वीज कुठून आली हा प्रश्नच नसतो. इथे प्रकाशातून वीज निघते, ती रासायनिक रूपात साठते, तिथून चिमूटचिमूट उचलून दुसऱ्या भांड्यात वेगळ्या रूपात साठवली जाते आणि शेवटी सेकंदाच्या हजाराव्या भागात मोकळी होते. आणि हे सर्किट पूर्ण कोण करते, तर तारेला नाक लावणारे जनावर.

हे मशीन बंद पडते ते मात्र नेमके कामाच्या वेळी. वैशाखात उत्तम चालते, तेव्हा वावरात राखण्यासारखे काही नसते. मका दाण्यात आला, चार दिवस झड लागली, की आवाज क्षीण होत जातो आणि एका रात्री थांबतो. दुसऱ्या दिवशी मशीन पिशवीत घालून दुकानात जाते, 'पीस खराब निघाला' म्हणून. मशीन बहुधा चांगले असते. चूक हिशेबात असते: हिशेब सरासरी दिवसाचा केलेला असतो, वाईट आठवड्याचा कोणी केलेला नसतो. तो कसा करायचा हे सांगण्यासाठी हा सगळा खटाटोप.

वॉट आणि वॉट-तास

विहिरीवर पाच एचपीची मोटर आहे एवढे कळल्याने विहिरीत पाणी किती हे कळत नाही. एचपी म्हणजे उपसण्याचा वेग. पाणी ही वेगळी गोष्ट. ज्याच्या विहिरीत दोन परस पाणी आहे त्याने मोठी मोटर बसवली, तर विहीर लवकर आटते इतकेच. हे कोणत्याही शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. पण विजेच्या बाबतीत तोच माणूस 'पॅनेल किती वॉटचे' एवढेच विचारतो आणि थांबतो.

वॉट हा वेग आहे. एका सेकंदाला एक ज्यूल ऊर्जा म्हणजे एक वॉट. ऊर्जेचा साठा मोजायचा तो वॉट-तासात. एक वॉट-तास म्हणजे ३६०० ज्यूल. लाईटबिलावरचे एक युनिट म्हणजे हजार वॉट-तास. बॅटरीवर '१२ व्होल्ट, ७ एएच' असे छापलेले असते. एएच म्हणजे अँपिअर-तास. दोन्ही आकड्यांचा गुणाकार केला की ८४ वॉट-तास येतात. फवारणी पंपात आणि झटका मशीनच्या डब्यात अशाच जातीची बॅटरी असते. पुढचा हिशेब हा ८४ चा आकडा धरून चालेल.

निर्मिती: फिरवून आणि उन्हात ठेवून

मोडलेल्या खेळण्यातली किंवा टेपरेकॉर्डरमधली छोटी मोटर घ्या. तिच्या दोन वायरी सुट्या ठेवून दांडा बोटांनी फिरवा, अलगद फिरतो. आता त्याच दोन वायरी एकमेकींना टेकवा आणि पुन्हा फिरवा. दांडा जड लागतो, जणू आत कुणी बोट दाबून धरले आहे. दुसरे काहीच बदललेले नाही, फक्त विजेला फिरायला वाट मिळाली आहे. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये जे दाखवून दिले, त्याचा हा चिमटीत मावणारा पुरावा. चुंबकाजवळून तार हलली की तिच्यात विजेचा दाब निर्माण होतो. प्रवाह वाहू लागला, की तो प्रवाह स्वतःच फिरण्याला विरोध करतो. वीज फुकट येत नाही, बोटाकडून वसूल होते. सायकलला डायनॅमो लावून रात्री घरी आलेल्या पिढीने ही वसुली पोटऱ्यांनी भरलेली आहे.

म्हणूनच मोबाईलवर फिरणारे ते 'फ्री एनर्जी'चे व्हिडिओ पाहून हसू येते. मोटर डायनॅमो फिरवते, डायनॅमो मोटर चालवतो आणि वर बल्बही पेटतो! छोट्या मोटरमध्ये दिलेल्या ऊर्जेपैकी साठ टक्के कामी आली तरी खूप. तितकाच चांगला डायनॅमो पुढे जोडला, तर शंभरातले छत्तीस परत येतात. टेबलाखाली लपवलेली बॅटरी उरलेले चौसष्ट भरत असते.

सायकलचा डायनॅमो साधारण ६ व्होल्ट, ३ वॉटचा. अर्धा तास पायडल मारले तर दीड वॉट-तास. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तो उत्तम, कारण त्यात माणसाचे श्रम आणि वीज यांचा भाव समोरासमोर कळतो. आपल्या ८४ वॉट-तासांच्या बॅटरीसाठी मात्र अठ्ठावीस तास सायकल मारावी लागेल, तीही काही वाया जात नाही असे धरून.

सोलर पॅनेलमध्ये फिरणारे काही नाही. प्रकाशाने वीज निर्माण होते हे एदमों बेकरेलला १८३९ मध्येच दिसले होते, पण कामाची सिलिकॉन सेल अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९५४ मध्ये तयार झाली. ती उन्हातली जेमतेम सहा टक्के ऊर्जा विजेत बदलत होती. आज बाजारातली पॅनेले वीस टक्क्यांच्या आसपास आहेत. एका सेलचा दाब अर्ध्या व्होल्टच्या जवळपास, सेल तळहाताएवढी असो की नखाएवढी. मोठ्या सेलमधून प्रवाह जास्त निघतो, दाब तोच. म्हणून '१२ व्होल्टच्या' पॅनेलमध्ये ३६ सेल एकामागे एक जोडतात. कामाच्या वेळी त्यांचा दाब मिळून १८ व्होल्टच्या आसपास येतो. १२ व्होल्टची बॅटरी भरायला १४ च्या वर दाब लागतो आणि उन्हात तापलेल्या पॅनेलचा दाब उतरतो. वरचे व्होल्ट या दोन्हींसाठी राखलेले.

एकामागे एक जोडण्याची एक शिक्षाही आहे. पाईपलाईनमध्ये एका ठिकाणी कचरा अडकला की सगळी लाईन मंदावते, तसेच एका सेलवर कावळ्याची शीट किंवा बाभळीच्या फांदीची सावली पडली, तर उरलेल्या पस्तीस सेलही जवळजवळ तिच्याच चालीने चालतात. पॅनेल पुसणे हे काम फालतू वाटते म्हणून कोणी करत नाही.

पॅनेल किती तिरपे ठेवायचे? पुस्तकी उत्तर असे, की दक्षिणेकडे तोंड आणि गावाच्या अक्षांशाएवढा कल. जाफराबादसाठी २० अंश. वर्षभराच्या बेरजेसाठी ते बरोबर आहे. पण इथे सूर्य मेच्या विशीत एकदा आणि जुलैच्या विशीत पुन्हा एकदा थेट डोक्यावर येतो, आणि झडीत तर प्रकाश एका दिशेने येतच नाही, सगळ्या आभाळातून झिरपतो. अशा दिवसांत जास्त आडवे पॅनेल जास्त आभाळ पाहते. पाणी आणि धूळ वाहून जाईल इतका, दहा-पंधरा अंशांचा कल मी पसंत करतो. हिवाळ्यात थोडी वीज कमी मिळेल. हिवाळ्यात ती उरतच असते.

साठवण: कणगी आणि गोफण

कपॅसिटर हा शब्द न वापरणाऱ्या माणसालाही कंडेन्सर माहीत असतो. मोटरीच्या स्टार्टरच्या पेटीत ती डबी असते, आणि लाईट गेल्यावरही तिला हात लावू नये हे बहुतेकांना एकदा झटका खाऊन कळलेले असते. त्या झटक्यातच तिची व्याख्या आहे: धातूचे दोन पातळ पत्रे, मध्ये वीज न वाहू देणारा पापुद्रा, एका पत्र्यावर धन भार, दुसऱ्यावर ऋण, आणि दोघांना भेटू न दिल्याने मधल्या जागेत साठून राहिलेली ऊर्जा. हॉलंडमधल्या लायडनच्या काचेच्या बरणीत १७४५-४६ च्या सुमारास हाच प्रकार पकडला गेला.

कंडेन्सरमधली ऊर्जा काढायचा नियम असा: फॅरडमधल्या धारितेला व्होल्टच्या वर्गाने गुणायचे आणि निम्मे करायचे. यातला 'वर्ग' महत्त्वाचा. झटका मशीनमध्ये १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आहे असे धरू. तो १२ व्होल्टला भरला तर त्यात ज्यूलचा हजारावा भागही मावत नाही. माशीदेखील दचकणार नाही. पण आतले सर्किट बॅटरीचे १२ व्होल्ट तोडून, छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून चढवून ४०० व्होल्ट करते आणि त्या दाबाने तोच कंडेन्सर भरते. आता त्यात ०.८ ज्यूल आहेत, आधीच्या हजारपटीहून अधिक. मग इलेक्ट्रॉनिक कळ चालू होते, सगळा भार दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये एकदम ओतला जातो आणि तारेवर काही हजार व्होल्टचा ठोका उमटतो. टक.

आता तुलना पाहा. बॅटरीतले ८४ वॉट-तास म्हणजे ३,०२,४०० ज्यूल. कंडेन्सरमध्ये ०.८. मग कंडेन्सर हवाच कशाला? कारण ठोका अर्ध्या मिलिसेकंदात संपतो, आणि तेवढ्या वेळात ०.८ ज्यूल सोडायचे म्हणजे त्या क्षणापुरते १६०० वॉट. १२ व्होल्टला हा प्रवाह १३० अँपिअरच्या वर जातो. हे काम या बॅटरीचे नव्हे. बॅटरी ही कणगी आहे: भरपूर मावते, पण मूठमूठ काढावे लागते. कंडेन्सर म्हणजे गोफण: मावतो एकच दगड, पण सुटतो तो सणसणीत. सेकंदभर दगड भरायचा आणि सोडायचा. साठवणीचे दोन गुण, किती मावते आणि किती झपाट्याने निघते, हे एका भांड्यात क्वचितच एकत्र नांदतात; म्हणून या सर्किटमध्ये दोन भांडी आहेत.

मधली जात पाहायची असेल तर मुलांना सुपरकपॅसिटर आणून द्यावेत. २.७ व्होल्ट, १० फॅरडचे दोन नग एकामागे एक जोडले, की ५.४ व्होल्ट आणि ५ फॅरड होतात. म्हणजे सुमारे ७३ ज्यूल. छोट्या मोटरचा डायनॅमो फिरवून, डायोडमधून ते भरा, मात्र मीटरवर ५.४ दिसताच हात थांबवा. मग १३० ओहमच्या रोधातून पांढरा एलईडी लावा. दिवा सुरुवातीला २० मिलिअँपिअर खातो, पण कंडेन्सर रिकामा होत जातो तसा दाब उतरतो आणि प्रवाहही घटतो. रोध गुणिले धारिता, १३० गुणिले ५, म्हणजे ६५० सेकंद; जवळपास अकरा मिनिटांनी प्रवाह सुरुवातीच्या छत्तीस-सदतीस टक्क्यांवर येतो, आणखी अकरा मिनिटांनी त्याच्याही तितक्याच टक्क्यांवर. दिवा विझत नाही, मावळत जातो. आणि तो पूर्ण मावळला तरी कंडेन्सरवर पावणेतीन व्होल्ट शिल्लक असतात, पंधरा-वीस ज्यूल. एलईडीला ते कामाचे नाहीत. साठा आणि वापरता येणारा साठा यांत फरक असतो, हे या प्रयोगात जितके स्पष्ट दिसते तितके बॅटरीत दिसत नाही. बॅटरी लपवते.

बॅटरी शेवटपर्यंत आपला दाब बऱ्यापैकी टिकवून धरते, हाच तिचा गुण आणि हीच फसगत. शिसे आणि गंधकाम्लाची पुन्हा भरता येणारी बॅटरी गॅस्टन प्लांटेने १८५९ मध्ये केली. आपल्या डब्यातली बॅटरी तिचीच वंशज, फक्त आम्ल सांडू नये म्हणून काचेच्या तंतूंच्या चटईत शोषून घेतलेले. एका घराचा दाब दोन व्होल्टच्या किंचित वर, सहा घरे मिळून भरलेली बॅटरी तास-दोन तास विसावल्यावर १२.७ दाखवते, निम्मी १२.२, आणि ११.८-११.९ ला ती रिकामी समजावी. भरलेल्या आणि रिकाम्या बॅटरीत मीटरवर जेमतेम ०.९ व्होल्टचा फरक! टेस्टर लावून किंवा तारांची ठिणगी पाडून बॅटरी 'तपासणाऱ्यांना' हा फरक दिसणे शक्य नाही. साधा मल्टीमीटर घ्यावा.

छापलेले ७ एएच हेही सावकाशीचे बोलणे आहे. वीस तासांत रिकामी केली तर सात मिळतात. फवारणी पंपासारखे दोन-तीन अँपिअर एकदम ओढले तर बरेच कमी. शिवाय ही बॅटरी रोज तळापर्यंत खरवडली तर लवकर मरते, निम्म्यापर्यंतच वापरावी. म्हणजे ८४ वॉट-तासांतले हाती येणारे ४२.

माझी पहिली बॅटरी मीच मारली. हंगाम संपल्यावर मशीन काढले आणि बॅटरी तशीच, अर्धवट उतरलेली, माळ्यावर ठेवून दिली. दिवाळी ते मृग. शिशाच्या पाट्यांवर जमलेले सल्फेट इतके दिवस पडून राहिले की त्याचे कडक खडे होतात, आणि मग चार्जिंगने ते विरघळत नाहीत. जूनमध्ये बॅटरी तासाभरात 'फुल' झाली आणि तासाभरात संपली. मी कंपनीला नावे ठेवली. वास्तविक ती उपासाने मेली होती; दर महिन्या-दीड महिन्याने भरली असती तर टिकली असती. अलीकडच्या मशीनमध्ये लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी येते. ती हलकी असते, ऐंशी टक्क्यांहून अधिक वापरू देते आणि अशा उपासाने सहसा मरत नाही. पण शिशाच्या बॅटरीचा चार्जर तिला लावू नये.

जोडणी

पॅनेल थेट बॅटरीला जोडले तरी दिवसा ती भरते. रात्री मात्र पॅनेल उलटे होऊन बॅटरीतून थोडे थोडे पिते. म्हणून मध्ये डायोड, एकाच दिशेने उघडणारे दार. तो साधा असला तर पाऊण व्होल्ट खातो, शॉट्की जातीचा असला तर तीनचार दशांश. त्यापुढे चार्ज कंट्रोलर: वरच्या टोकाला, १४.४ व्होल्टच्या सुमारास, भरणे थांबवणारा आणि खालच्या टोकाला वापर तोडणारा. तो बहुतेक मशीनमध्ये आतच असतो. आणि बॅटरीच्या अधिक टोकाला लागूनच फ्यूज. ती कोणी बसवत नाही. सात एएचची बॅटरी लहान दिसते, पण दोन्ही टोकांवर चुकून पाना पडला तर वेल्डिंगसारखी ठिणगी उडते.

वाईट आठवडा

आता हिशेब. ठोका ०.८ ज्यूलचा, मिनिटाला पन्नास, म्हणजे मिनिटाला ४० ज्यूल, म्हणजे पाऊण वॉटहून थोडे कमी. १२ चे ४०० व्होल्ट करताना चाळीस टक्के ऊर्जा वाया जाते असे धरले, तर बॅटरीवर १.१ वॉटचा भार येतो. चोवीस तासांचा खर्च २६ वॉट-तास.

जमा बाजू. पॅनेल १० वॉटचे. मराठवाड्यात वर्षाच्या सरासरीने दिवसाला भरउन्हाचे पाच तास मिळतात असे मानता येते. पन्नास वॉट-तास झाले? नाही. १० वॉट हे १८ व्होल्टला ०.५५ अँपिअर या हिशेबाने आहेत. बॅटरीला थेट जोडलेले पॅनेल तिच्याच दाबावर, तेराच्या आसपास, खाली खेचले जाते. प्रवाह तेवढाच राहतो, दाबातले पाच व्होल्ट हवेत जातात. म्हणून सत्तर टक्के धरायचे: ३५ वॉट-तास. खर्च २६, जमा ३५. दुकानदार सांगतो ते खरे आहे, मशीन चालेल.

आता झड लावा. भरउन्हाचे तास पाचावरून दोनावर आले, तर जमा १४. रोज १२ वॉट-तासांची तूट. हाती ४२. साडेतीन दिवस! चौथ्या रात्री टक-टक थांबते, आणि हे सगळे छापील आकड्यांप्रमाणे, कुठेही काही बिघडलेले नसताना.

याहून वाईट पुढे आहे. ऊन पडले. रोजची शिल्लक ३५ उणे २६, म्हणजे ९. रिकामे झालेले ४२ भरून निघायला पाच दिवस, आणि भरताना होणारी तूट धरली तर सहा. तेवढ्यात दुसरी झड आली की बॅटरी अर्धपोटीच तिला सामोरी जाते. बॅटरी एकदा उतरली की 'उठतच नाही' असे शेतकरी म्हणतात, त्याचे कारण बहुधा हे असते.

उपाय तीन दिसतात आणि ते सारखे नाहीत. बॅटरी दुप्पट केली तर साडेतीनचे सात दिवस होतात, पण भरून निघायला बारा लागतात; लांबलेल्या झडीत दुखणे फक्त पुढे ढकलले जाते. पॅनेल दुप्पट केले तर झडीतही २८ जमा होतात आणि तूटच राहत नाही. पॅनेल बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त वर्षे टिकते, तरी लोक पैसे बॅटरीत घालतात, कारण 'साठा' म्हटले की बॅटरीच डोळ्यांपुढे येते. तिसरा उपाय बिनपैशांचा. डुकरे रात्री येतात. मशीन दिवस मावळताना चालू करून उजाडताना बंद केले, की खर्च २६ चा १३ होतो. झडीतली जमा १४. हिशेब जुळला, त्याच पॅनेलवर आणि त्याच बॅटरीवर. दिवसा हरणांचा किंवा वानरांचा त्रास असेल तिथे हे चालणार नाही, पण नुसत्या डुकरांसाठी चोवीस तास ठोके देत राहणाऱ्या मशीनची निम्मी वीज कोणाच्याच अंगाला लागत नाही.

तार, माती आणि गवत

तारेवर वीज आहे आणि तरी डुक्कर आत आले, तर सर्किटचा दुसरा अर्धा पाहावा. ठोका तारेतून निघतो, जनावरातून जमिनीत जातो आणि जमिनीतून अर्थिंगच्या सळईने मशीनकडे परत येतो. जमीन ही इथली दुसरी वायर आहे. काळी माती ओली असताना ती चांगली वायर असते. चैत्र-वैशाखात तिला हात जाईल अशा भेगा पडतात तेव्हा वाईट. जनावराचा रोध ५०० ओहम धरला आणि सळईभोवतीच्या कोरड्या मातीचाही तितकाच झाला, तर निम्मा झटका मातीच खाते. एक सळई पुरत नाही. तीन हव्यात, मीटरभर खोल, एकमेकींपासून दोनतीन मीटरवर, शक्यतो विहिरीच्या थारोळ्याजवळ. पाणी सांडते तिथे.

पावसाळ्यात माती सुधारते आणि गवत शत्रू होते. तारेला टेकलेले एक ओले पाते दहा हजार ओहमचे धरा. एकटे ते काहीच करत नाही. अशी वीस पाती वीस वाटांनी वीज जमिनीत सोडू लागली, की त्यांचा एकत्रित रोध ५०० ओहम होतो, म्हणजे जनावराइतकाच. तारेखाली सारखे एक रानडुक्कर उभे आहे असे समजा. ठिबकच्या नळीचे तुकडे कापून तारेचे इन्सुलेटर करण्याची युक्ती इथे सर्रास दिसते, ती चांगली आहे. तारेखालचे गवत कापायला मात्र विळाच लागतो.

थेट लाईट

मशीन बंद पडले म्हणून डीपीवरून आकडा टाकून कुंपणात थेट लाईट सोडणारे महाभाग आहेत. दरवर्षी त्यात माणसे मरतात, पुष्कळदा वावराचा धनीच. 'मशीनमध्ये तर हजारो व्होल्ट असतात, ही तर फक्त दोनशे तीसची' हा युक्तिवाद मी कानांनी ऐकला आहे. फरक व्होल्टचा नाही, वेळेचा आणि साठ्याचा आहे. मशीनचा ठोका अर्ध्या मिलिसेकंदात संपतो, कारण गोफणीत एकच दगड होता. पुढचा सेकंद जनावराला मागे सरायला मिळतो. आंतरराष्ट्रीय मानकाने ५०० ओहमच्या भारावर एका ठोक्यात ५ ज्यूलची कमाल मर्यादा घातली आहे आणि दोन ठोक्यांत किमान एक सेकंदाचे अंतर मागितले आहे. थेट लाईटच्या मागे मात्र सगळे वीजकेंद्र उभे असते. ओल्या अंगाचा रोध हजार ओहम धरला तरी २३० मिलिअँपिअर वाहतात. तीस मिलिअँपिअरला घरातली गळतीची कळ पडते, ती उगीच नव्हे. स्नायू आखडतात, हात तार सोडत नाही, आणि सोडायला मधला सेकंदही नसतो. हा गुन्हा आहे, आणि कुणी मेले तर मनुष्यवधाचा.

बॅटरी नसलेली साठवण

'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतून आलेली पॅनेले आता जाफराबाद तालुक्यात रस्त्यावरून जाताना दिसतात. अडीच एकरांपर्यंत तीन एचपी, पाच एकरांपर्यंत पाच, त्यापुढे साडेसात. शेतकऱ्याचा वाटा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच. या पंपाला बॅटरी नसते, आणि 'सरकारने बॅटरी द्यायला हवी होती' अशी तक्रार चावडीवर ऐकू येते. मला ती पटत नाही. पाच एचपीच्या पंपाला साधारण पाच किलोवॉटचे पॅनेल असते. त्याची एका दिवसाची वीज शिशाच्या बॅटरीत साठवायची तर इन्व्हर्टरच्या वीसेक बॅटऱ्या लागतील आणि त्या काही वर्षांत भंगारात जातील.

ही वीज पाण्यात साठते. एक घनमीटर पाणी एक मीटर वर चढवले की त्यात २.७ वॉट-तास साठतात. विहिरीतून दहा मीटर वर असलेल्या शेततळ्यात दोन हजार घनमीटर पाणी चढवले, तर साठा ५४ युनिटांचा. १५० एएचच्या तीस बॅटऱ्यांएवढा. हे युनिट परत विजेत बदलायचे नाहीत, एवढे लक्षात ठेवले की पुरे: शेतकऱ्याला वीज नको असते, पाणी हवे असते, आणि पाणी ते आधीच झालेले आहे. रात्री-अपरात्री थ्री फेजची वाट पाहत मोटरीवर बसण्यापेक्षा दिवसा तळे भरणे केव्हाही बरे. तळ्याचाही वाईट आठवडा असतोच, फक्त तो ढगांचा नसून उन्हाचा असतो. तोंड उघडे असलेल्या या बॅटरीतून वैशाखात साठा वाफ होऊन उडतो.

पाण्यातला साठा पुन्हा विजेत बदललेला पाहायचा असेल, तर नदीच्या बाजूने खाली जावे लागते. जाफराबादला केळना पूर्णेला मिळते. तेच पाणी पुढे देऊळगाव राजाजवळ संत चोखासागरात अडते आणि त्याहून खाली, जिंतूर तालुक्यात, १९६८ मध्ये बांधून झालेल्या येलदरी धरणात. साठवण ९३४ दशलक्ष घनमीटर, पायथ्याशी साडेसात मेगावॉटचे तीन संच. जनित्राच्या आत तेच घडते जे खेळण्यातल्या मोटरीत घडले होते: प्रवाह वाहू लागला की दांडा जड होतो, आणि तो जडपणा इथे वरून पडणारे पाणी भरून काढते. पाऊस चुकला आणि धरण तळाला गेले, त्या वर्षी तिन्ही संच चालू स्थितीत असून बंद ठेवावे लागतात.